जादाची बशी

नेट्टा गेडिसला काळजी शोधायला कुठे जावं लागत नसे, काळजीच तिचा पत्ता विचारत यायची. एडिनबराच्या गॉर्गी भागातल्या आपल्या घरातून निघताना ती गॅसची चारही बटणं हाताने चाचपून बघायची, दार तीनदा ओढायची, जिना उतरून रस्त्यावर आली की पुन्हा वर जायची. नवरा रॅब तोवर खाली उभा राहून पाइप पेटवायचा. पाइप संपेपर्यंत बायको येते, हा त्याचा तीस वर्षांचा अनुभव होता. शेजारीपाजारी हसत. हसोत बिचारे. त्यांच्या घरी कधी गॅस चालू राहिला नव्हता, आणि नेट्टाच्याही राहिला नव्हता, पण नेट्टाला तो का राहिला नाही हे माहीत होतं.

अशा बाईला देवाने नोकरीही शोधून शोधून दिली होती. विद्यापीठाच्या टेकडीवरच्या इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर, ती यीस्टचे वाण सांभाळायची. रॅब एका बिअरच्या कारखान्यात तळघरात कामाला होता, तोही यीस्टच सांभाळायचा. तो म्हणायचा, "आम्ही त्याची बिअर करतो, तुम्ही त्याची काळजी करता." पण नेट्टाचं यीस्ट वेगळं होतं. ते जाणूनबुजून बिघडवलेलं होतं.

या यीस्टची पेशी म्हणजे एक आखूड कांडी. खाते, लांबते, ठरावीक लांबीची झाली की मधोमध भिंत घालते आणि एकीच्या दोघी होतात. हे सगळं घडवून आणतात ती प्रथिनं. कोणतं प्रथिन काय काम करतं हे शोधायची इथल्या लोकांची रीत उफराटी होती. एक प्रथिन बिघडवायचं आणि कुठे गाडं अडतं ते बघायचं. पुरतं बिघडवलं तर पेशीच मरणार, म्हणून असे वाण हुडकायचे की ज्यांचं प्रथिन गारव्यात नीट चालतं आणि उष्णतेत मान टाकतं. पंचवीस अंशांवर गुण्यागोविंदाने वाढणारे, बत्तीसच्या वर गेलं की ठप्प. असे त्रेचाळीस वाण नेट्टाच्या ताब्यात होते. दर पंधरा दिवसांनी त्यांना नव्या बशीत, ताज्या आगरावर, म्हणजे त्यांच्या खाण्याच्या घट्ट खळीवर, हलवायचं. प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर लॉरिमर येण्याआधीपासून ती ते करत होती.

त्रेचाळिसावा वाण होता क्रमांक तीनशे एक्क्याण्णव. तो इश्बेल मॅकॉलेचा. इश्बेल लुइस बेटावरची, शांत, उंच, हाताला कायम कसला तरी डाग लागलेली. पीएच.डी.ची तीन वर्षं तिने या एका वाणात घातली होती. एकेका पेशीपासून वाढलेले हजारो ठिपके मखमलीच्या तुकड्यावर उमटवायचे, ती मखमल एका गार आणि एका गरम बशीवर दाबायची आणि गरम बशीत कोण उगवलं नाही ते शोधायचं. त्यातून मिळाला हा एक. त्याच्याही मागे नकटीच्या लग्नासारखी सतराशे विघ्नं. कधी बुरशी आली, कधी आगर बिघडलं, एकदा तर बशीच कोणी धुऊन टाकली होती आणि नेट्टाच्या जादाच्या बशीतून तो परत मिळाला होता.

एकदा चहाच्या वेळी नेट्टाने विचारलं होतं, या तुमच्या तीनशे एक्क्याण्णवचं नक्की काय दुखतं म्हणून. इश्बेल म्हणाली, "त्याचं प्रथिन होकार देणारं आहे, मिसेस गेडिस. पेशी वाढते, तयार होते, पण हा होकार आल्याशिवाय दोन होत नाही. उष्णतेत होकारच येत नाही, मग ती नुसती लांबत राहते."

"म्हणजे बिचारी वाट बघत बसते?"

"मरेपर्यंत," इश्बेल म्हणाली आणि बिस्कीट चहात बुडवलं.

त्या दिवसापासून नेट्टाचा जीव त्या वाणात जरा जास्तच अडकला. ती इतर बशांवर एक नजर टाकायची, याच्यावर दोन.

ही जादाची बशी म्हणजे नेट्टाची जुनी खोड. प्रत्येक वाणाची एक बशी कामाला आणि एक थंड खोलीत, वरच्या फळीवर, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात. तिला कोणी सांगितलं नव्हतं. त्या जूनमध्ये डॉक्टर लॉरिमरांनी थंड खोली आवरायला काढली. माणूस वाईट नव्हता, पण हुशार माणसांना असतो तसा पसाऱ्याचा तिटकारा त्यांना होता, स्वतःच्या टेबलावरचा सोडून. एकामागून एक चौदा डबे निघाले. चहाच्या खोलीत सगळ्यांसमोर ते म्हणाले, "नेट्टा, तुझ्या जादाच्या बशीलाही एक जादाची बशी आहे." सगळे खो खो हसले. इश्बेलसुद्धा हसली. नेट्टाही हसली, कप विसळला, खाली गेली आणि चौदाच्या चौदा डबे उकळत्या वाफेच्या भांड्यात रिकामे केले. एकही ठेवला नाही. काळजी करणाऱ्या माणसाचा राग हा असा असतो, वर्षानुवर्षं येत नाही आणि आला की नेमका स्वतःच्याच पायावर धोंडा पाडतो.

जुने बेचाळीस वाण वाळवून काचेच्या कुप्यांत कायमचे बंद होते, त्यांची चिंता नव्हती. तीनशे एक्क्याण्णव अजून वाळवलेला नव्हता. इश्बेलला त्याआधी तो एकदा शुद्ध करून घ्यायचा होता. जुलैच्या पहिल्या शुक्रवारी ती भावाच्या लग्नाला लुइसला निघाली. जाताना सांगून गेली, "उबेच्या पेटीत पंचवीसवर राहू द्या. मी आले की लगेच कामाला घेईन." तिच्या घरी फोन नव्हता. डॉक्टर लॉरिमर कॅनडात गेले होते. शहरात ट्रेड्सची सुट्टी लागत होती, म्हणजे पंधरा दिवस कारखाने बंद, दुकानं अर्धी बंद आणि नळ दुरुस्त करणारा माणूसही समुद्रावर. रॅब इमारतीखाली बॅगा घेऊन उभा होता. त्याने या वर्षी तंबी देऊन ठेवली होती, की सुट्टीच्या मध्येच परत पळालीस तर पुढल्या वर्षी मी एकटा जाईन. नेट्टाने पेटीचं दार लावलं, काटा पंचवीसवर बघितला आणि एक बशी थंड खोलीत ठेवावी असं तिच्या मनात आलं. मग चहाच्या खोलीतलं ते हसणं आठवलं. ती तशीच खाली उतरली.

समुद्रकाठच्या पिटनवीमला मिसेस टॉडच्या घरी त्यांची नेहमीची खोली होती. शनिवारी ऊन पडलं. रविवारी असं ऊन पडलं की चर्चमध्ये पाद्रीबुवांनी देवाचे आभार दोनदा मानले. त्या गावांत उन्हाळा म्हणजे कोटाची वरची गुंडी उघडी ठेवायचे दिवस, आणि इथे माणसं चक्क सावली शोधत होती. म्हातारे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे होते. रॅबचं नाक लाल झालं होतं आणि तो सुखात होता.

नेट्टा खुर्चीत विणकाम घेऊन बसली होती आणि टाके चुकत होते. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. ती पेटी गरम करणारी होती, थंड करणारी नव्हती. खोली अठराची असली तर पेटी तिला पंचवीसवर नेणार. पण खोलीच तीसची झाली तर? एडिनबरात असा प्रश्न कोणाला स्वप्नातही पडला नव्हता, म्हणून तशी पेटी कोणी घेतली नव्हती. आणि ती खोली तर पत्र्याच्या छपराखाली, दक्षिणेला सगळ्या काचा. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. नेट्टाचं मन रात्रीच्या जेवणापर्यंत तीनशे एक्क्याण्णवचं प्रेत बघून आलं होतं.

सोमवारी सकाळी न्याहारीच्या टेबलावर तिने सांगून टाकलं. रॅबने सुरी खाली ठेवली. तो ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. "तीस वर्षांत एकदा ऊन पडलंय, नेट्टा," तो म्हणाला, "आणि तू त्याच्यातही खोट काढलीस." ती पहिल्या बसने स्टेशनवर गेली. पूल ओलांडताना आगगाडीच्या खिडकीतून समुद्र चकाकत होता, आणि तिला तो चकाकतो म्हणून त्याचा राग आला.

वरच्या खोलीत भिंतीवरचा पारा चौतीसवर होता. पेटीचा काटा तेहेतीसवर. म्हणजे गेले दोन दिवस तरी असंच. नेट्टाने बशी बाहेर काढली आणि क्षणभर तिला हायसं वाटलं, कारण बशीवर पाच टपोरे, सायीसारखे ठिपके होते. छान फुगलेले, तजेलदार. मग तिला पेटीचा काटा आठवला. तीनशे एक्क्याण्णव तेहेतीस अंशांवर वाढूच शकत नाही. जे वाढलंय ते तीनशे एक्क्याण्णव नाही. लाखो पेशींत एखादीची मोडलेली गोष्ट आपोआप दुरुस्त होते, तिचं प्रथिन उष्णतेतही होकार द्यायला लागतं, आणि मग तीच बशी व्यापते. जगात सगळीकडे निरोगी रोप निवडायचं असतं. इथे निरोगी म्हणजे सर्वनाश. इश्बेलची तीन वर्षं ज्या बिघाडात होती तो बिघाड बरा झाला होता.

ठिपक्यांच्या मधे मात्र आगरावर एक फिकट, धुरकट साय होती. बोट पुसल्यासारखी. तेच खरं तीनशे एक्क्याण्णव, जिवंत असलं तर.

तिला सुचलं ते असं की काही न करता परत पिटनवीमला जावं. ऊन पडलं यात तिचा काय दोष? कोणी विचारणारही नव्हतं. हा विचार तिने खुर्चीत बसून पुरता केला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मग ती उठली, सुई ज्योतीत धरली आणि जिथे टपोरे ठिपके नव्हते त्या कडेची साय अलगद खरवडून पाण्यात मिसळली आणि तीन नव्या बशांवर पसरली.

आता त्यांना गारवा हवा होता. थंड खोलीत यीस्ट टिकतं पण वाढत नाही, आणि अर्धमेल्या पेशींना आधी वाढायला हवं होतं. उभ्या इमारतीत पंचविसाच्या खाली आणि चाराच्या वर अशी एकही जागा उरली नव्हती. नेट्टाला आपल्या घरची फडताळाची खोली आठवली. उत्तरेकडची, दगडी, लोणी ठेवायची. तिने बशा बिस्किटांच्या डब्यात घातल्या, डबा मांडीवर घेतला आणि बसने घरी आली. तिकीटवाल्याने विचारलं, आत काय आहे. ती म्हणाली, "बिस्किटं," आणि एवढ्या लहान खोट्याने तिला घाम फुटला.

फडताळात थर्मामीटर सदुसष्ट फॅरनहाइट दाखवत होता. पुरेसं गार, पण रोज थोडं चढत होतं. मंगळवारी एकोणसत्तर. बशा रिकाम्या. बुधवारी एकाहत्तर, बशा रिकाम्या. सत्त्याहत्तर म्हणजे पंचवीस अंश, त्यापुढे या अर्धमेल्या पेशींचा भरवसा नव्हता. नेट्टा दर तासाला दार उघडत होती आणि दार उघडल्याने ऊब आत जाते म्हणून स्वतःला शिव्या देत होती.

बुधवारी संध्याकाळी रॅब आला. लाल नाक, बॅग, आणि मिसेस टॉडने दिलेला ताज्या माशांचा पुडा. मासे ठेवायला त्याने फडताळ उघडलं आणि लोण्याशेजारी तीन बशा बघितल्या.

"यांच्यासाठी पळून आलीस का?"

नेट्टाने सगळं सांगितलं. डबे वाफेत घातले तेही. ते तिने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं, आणि सांगता सांगता तिला रडू आलं. "मी एक ठेवली असती ना, रॅब. एकच. ते हसले म्हणून मी ठेवली नाही."

रॅबने थर्मामीटर बघितला. मग माशांचा पुडा उचलून खिडकीत ठेवला. "आणि यीस्टला कोणी असं उघड्या फळीवर ठेवतं का?" तो म्हणाला. "आमच्या कारखान्यातल्या शिकाऊ पोरालाही हे कळतं." त्याने दोन पोती आणली, भिजवली, बशांच्या भोवती टांगली, त्यांची टोकं पाण्याच्या भांड्यात सोडली. तासाभरात पारा चौसष्टवर आला. रॅबने पाइपच्या तंबाखूचा कागद भिंतीला टाचला आणि पेन्सिलने त्यावर आकडा लिहिला. त्यानंतर दार उघडायची परवानगी त्याने नेट्टाला दिली नाही. दिवसातून तीनदा, तोच उघडणार.

शनिवारी बशांवर ठिपके दिसले. टाचणीच्या टोकाएवढे, सत्तेचाळीस. नेट्टाने तीनदा मोजले. पण ठिपके येणं म्हणजे काही नव्हतं. त्यात बरे झालेले किती आणि बिघडलेले किती हे डोळ्यांना कळत नाही. गारव्यात सगळे सारखेच दिसतात. ठिपके पुरते वाढेपर्यंत थांबणं आलं. रविवारी समुद्रावरून धुकं आलं आणि शहर पुन्हा आपल्या नेहमीच्या अठरा अंशांवर, नेहमीच्या कुरकुरीवर आलं.

मंगळवारी ती बशा घेऊन प्रयोगशाळेत गेली. स्वतः धुतलेला, वाफवलेला मखमलीचा काळा तुकडा तिने ठोकळ्यावर ताणून बसवला, बशी त्यावर हलकेच टेकवली, उचलली, आणि त्या मखमलीवर गरम पेटीसाठीची नवी बशी टेकवली. तिन्हींचं तसंच. मग या वेळी मुद्दाम पेटी छत्तीसवर ठेवली आणि दोन दिवस थांबली. बुधवारी ती चर्चमध्ये गेली. आयुष्यभर तिने पोरं वाढावीत, केक फुगावा, बटाटे उगवावेत असंच मागितलं होतं. त्या दिवशी ती म्हणाली, देवा, एखादा तरी ठिपका उगवू देऊ नकोस.

गुरुवारी तिने पेटी उघडली. पहिल्या बशीवर सगळे ठिपके उगवलेले. दुसऱ्या बशीवरही सगळे. तिसरी बशी तिने उजेडात धरली आणि मोजू लागली. एक, दोन, पाच, अकरा. कडेला, घड्याळातल्या चाराच्या जागी, काहीच नव्हतं. गार बशीत त्या जागी ठिपका होता. गरम बशीत रिकामी जागा.

दुसरं कोणी असतं तर नाचलं असतं. नेट्टा खुर्चीत बसली आणि तिच्या मनात आलं, मखमल कडेला नीट टेकलीच नसेल तर? टेकली नसेल तर ही जागा रिकामी असणारच. तिने गार बशीतला तो ठिपका सुईने उचलला, अर्धा ताज्या बशीत ठेवला आणि अर्धा पातळ आगरात घालून गरम पेटीत ठेवला. शेजारी एक उगवलेला ठिपकाही, पडताळ्याला. सहा तास. तिने त्या वेळात खोलीतल्या सगळ्या बाटल्या धुतल्या, धुतलेल्याही धुतल्या.

दुपारी चारला तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आधी पडताळ्याचा. आखूड कांड्या, जोड्या-जोड्यांनी, मधोमध भिंती, सगळी बाजारातली गर्दी. मग दुसरा. तिथे गर्दी नव्हती. लांबच लांब कांड्या, एकेकट्या, कुठेही भिंत नाही. वाट बघत होत्या. नेट्टाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं. मग तिसऱ्यांदा बघितलं. मग खाली जाऊन पहारेकऱ्याच्या फोनवरून शेजारणीला फोन केला आणि रॅबला एवढाच निरोप द्यायला सांगितला, की एक आहे.

पुढल्या सोमवारी इश्बेल परत आली, भावाच्या लग्नाचा केक रुमालात बांधून. डॉक्टर लॉरिमरही आले, झोप न झालेले. नेट्टाने दोघांना उभ्यानेच सांगितलं, कारण बसली असती तर तिच्याने बोलवलं नसतं. ऊन, पेटी, पाच टपोरे ठिपके. "मी तुझा वाण मारला, पोरी. शेहेचाळीस वेळा. सत्तेचाळिसावा सापडला." डब्यांचंही सांगितलं. ते सांगताना तिने डॉक्टरांकडे बघितलं नाही.

इश्बेल सूक्ष्मदर्शकावर वाकली. वर उठली तेव्हा तिच्या हातातला केक चुरडलेला होता. तिने तो तसाच नेट्टाच्या हातात दिला आणि तिचे दोन्ही हात धरून ठेवले, डागांसकट. लुइसची माणसं याहून जास्त काही करत नाहीत.

डॉक्टर लॉरिमर बशी हातात घेऊन त्या रिकाम्या जागेकडे बघत होते. त्यांची कानशिलं लाल झाली होती. शेवटी त्यांनी विचारलं, "नेट्टा, याची जादाची बशी आहे ना?"

"थंड खोलीत. वरच्या फळीवर, डब्यात."

"आणि तिला..." ते थांबले. चहाच्या खोलीत ज्यांच्यावर सगळे हसले होते तेच शब्द त्यांना पुन्हा वापरावे लागत होते, आणि या वेळी ते हसत नव्हते. "तिलाही एखादी जादाची?"

"ती रॅबकडे आहे, लोण्याशेजारी," नेट्टा म्हणाली. "मागितली मी. देत नाही. म्हणतो, तुमच्या माणसांचा काही भरवसा नाही."